दहा अल्बम, शंभर गुण

डिसेंबरात लोक गोव्याला जातात, हुरड्याला जातात, गेलाबाजार सवाई गंधर्वला तरी जातात. आम्ही चौघं घरी बसून यादी करतो. वर्षातले सर्वोत्तम दहा अल्बम, इंडी (म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरचं संगीत) आणि इलेक्ट्रॉनिक मिळून. कोणी सांगितलंय हे सगळं, असं आई दरवर्षी विचारते. तिला आजवर धड उत्तर देता आलेलं नाही.

चौघं म्हणजे डोंबिवलीकर, नाशिककर, पुण्यातली मी आणि कॉलेज संपल्यावर जर्मनीला गेलेला बर्लिनकर. हा बर्लिनकर बर्गहाइनला जातो. जुन्या वीजकेंद्रातला जगप्रसिद्ध क्लब. तिथे दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. त्यामुळे तो खरंच आत गेला होता याचा एकही पुरावा आमच्याकडे नाही, पण टेक्नो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर शेवटचा शब्द त्याचाच.

पूर्वी हे प्रकरण साधं होतं. आपापले दहा लिहायचे, इतरांच्या यादीला 'वा, वा' म्हणायचं आणि त्यातलं काही न ऐकता नवीन वर्षात पाऊल टाकायचं. मग डोंबिवलीकराला शोध लागला की न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात 'पॅझ अँड जॉप' नावाचं समीक्षकांचं वार्षिक मतदान व्हायचं. त्यात प्रत्येकाला शंभर गुण. ते दहा अल्बमांत वाटायचे. एकाला ३० पेक्षा जास्त नाहीत आणि ५ पेक्षा कमी नाहीत. डोंबिवलीकर सीए आहे. सीएच्या हाती असा नियम लागला की त्याची एक्सेल शीट व्हायला एक रात्र पुरते. तेव्हापासून आमची मैत्री संपून लेखापरीक्षण सुरू झालं.

शंभर गुण वाटून बघा एकदा. अंथरुणावर पडल्या पडल्या मी जेसिका प्रॅट या गायिकेचे दोन गुण काढून बेथ गिबन्स या दुसऱ्या गायिकेला दिले आणि झोपच उडाली. काय बिघडवलं होतं जेसिकाने माझं? तिचा 'हिअर इन द पिच' अर्ध्या तासाच्या आत संपतो, बाईने माझा वेळसुद्धा फार घेतला नव्हता. शेवटी उठले, दिवा लावला, दोन्ही गुण परत केले. मग बेथचा चेहरा डोळ्यांसमोर यायला लागला.

त्यात वर्ष कधी संपतं यावरही एकमत नाही. इंग्लंडातली मासिकं आणि रेकॉर्डची दुकानं नोव्हेंबरातच याद्या काढून मोकळी होतात. म्हणजे डिसेंबरात अल्बम काढणाऱ्याने जन्माला यायचं तरी कुठल्या साली? लंडनच्या बरियल नावाच्या लाजाळू इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने २०१२ मध्येही डिसेंबरात रेकॉर्ड काढलं आणि २०१३ मध्येही. नाशिककर बरियलभक्त आहे. त्याच्या हट्टापायी आमचं मतदान ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं. सगळा देश नाचत असताना आम्ही दशांश चिन्हं चालतील का यावर भांडतो. चालत नाहीत.

आता २०२४ चं सांगते, कारण त्या वर्षी सगळंच हाताबाहेर गेलं.

सगळ्यात आधी 'डायमंड ज्युबिली'. सिंडी ली या नावाने गाणाऱ्या कॅनडातल्या कलाकाराने मार्चच्या अखेरीस हा अल्बम काढला. बत्तीस गाणी, दोन तास. कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नव्हता. तेव्हा तो यूट्यूबवर एका सलग व्हिडिओत होता, नाहीतर पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिसणाऱ्या एका वेबसाइटवरून उतरवून घ्यायचा. संगीतसमीक्षेच्या 'पिचफोर्क' वेबसाइटने त्याला दहापैकी ९.१ दिले आणि जगभरच्या आमच्यासारख्यांची पळापळ झाली. मी तो मेथी निवडत ऐकला. दोन जुड्या संपल्या, अल्बम संपेना. मग लसूण सोलला. आईने न सांगता! धुक्यातून जुना रेडिओ लागावा तशी गिटार आणि अधूनमधून काळीज पिळवटणारी एखादी चाल. अल्बम खरोखर थोर आहे. पण मधलं एखादं गाणं परत ऐकायचं तर मला ते लसणाच्या कितव्या गड्ड्याला आलं होतं एवढंच आठवत होतं.

इलेक्ट्रॉनिकवाल्यांना तर नावं ठेवायचाच कंटाळा. नाला सिनेफ्रोच्या 'एंडलेसनेस'मध्ये दहा तुकडे आहेत: 'कंटिन्युअम १' ते 'कंटिन्युअम १०'. यातला कुठला आवडला, यावर आम्ही आठवडाभर आकडे फेकत होतो. बाजूला बसलेल्याला मटका वाटावा. एफेक्स ट्विनच्या 'सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स' या १९९४ च्या दुसऱ्या खंडात तर एक सोडून सगळी गाणी निनावी, नावांऐवजी नुसती छायाचित्रं. तो २०२४ मध्येच नव्याने निघाला. पुनर्मुद्रण यादीत चालतं का, यावर वेगळी बैठक झाली. आणि फोर टेट? माणूस एकटा, नाव फोर टेट, नव्या अल्बमचं नाव 'थ्री'. डोंबिवलीकराची शीट इथे पहिल्यांदा चुकली. त्याने थ्री हे गुण म्हणून धरले आणि पाचापेक्षा कमी आहेत म्हणून शेरा मारला.

'क्युअर' या इंग्लिश बँडचा नवा अल्बम 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' सोळा वर्षांनी आला. पहिल्या गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटं उलटून गेली तरी तोंड उघडत नाही. शेवटच्या गाण्यात सहा मिनिटं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गाणारा आला नाही का अजून?" बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "येईल. तानपुरे जुळतायत." बाबांना या विषयात काही मत आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मध्येच गाणी ऐकायच्या अ‍ॅपने, वर्षभरात काय ऐकलं याचा, आपला वार्षिक निकाल पाठवला. माझं खातं स्वयंपाकघरातल्या स्पीकरला जोडलेलं असल्यामुळे वर्षात मी सर्वाधिक अथर्वशीर्ष ऐकलं असं निघालं. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर कसा गेला ते मला सांगायचं नाही. बर्लिनकराने 'मिनिमल आहे, पण ग्रूव्ह आहे' असं लिहिलं.

खरी ठिणगी त्यानेच टाकली. इलेक्ट्रॉनिक संगीत शिकागो-डेट्रॉइटला जन्मलं आणि बर्लिनला वयात आलं, बाकीचे नुसते वऱ्हाडी, असं काहीसं. नाशिककर याचीच वाट बघत होता. त्याने चरणजित सिंग काढले. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रांत वाजवणारा हा माणूस. १९८२ मध्ये रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही सुरांची आणि ठेक्याची यंत्रं घेऊन बसला आणि 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची रेकॉर्ड केली. खपली नाही. तीच ३०३ पिळून शिकागोच्या पोरांनी अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत केलं, त्याची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' नावाची रेकॉर्ड आली १९८७ मध्ये. मुंबईची रेकॉर्ड २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा जगाने डोळे चोळले. "एकोणीसशे ब्याऐंशीच्या कुठल्या यादीत होते रे चरणजित सिंग? किती गुण मिळाले?" नाशिककराने विचारलं. बर्लिनकर बराच वेळ 'टायपिंग' दाखवत राहिला. बहुधा त्याच्या फोनवर अजून स्टिकर होता.

मी ती रेकॉर्ड घरात मोठ्याने लावली. भैरव, तोडी, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. बाबा बाहेर आले, दिवाणावर टेकले. ललित लागला तेव्हा घड्याळाकडे बघून म्हणाले, "संध्याकाळचे सहा वाजलेत." पण उठले नाहीत.

३१ तारखेच्या रात्री गुणांची बेरीज झाली आणि बरोबरी निघाली. चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचा पोपटी मुखपृष्ठाचा 'ब्रॅट' ५८, 'डायमंड ज्युबिली' ५८. नाशिककर आणि डोंबिवलीकर एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या. कुणी एक गुण हलवेना. शेवटी बाहेरचा परीक्षक नेमावा असं ठरलं, आणि जागा असलेला, तटस्थ आणि गुणांचा अनुभव असलेला माणूस एकच होता. बाबा निवृत्त गणित शिक्षक. दहावीच्या पेपरांचे मॉडरेटर होते. त्यांच्या हाताखालून किती उत्तरपत्रिका गेल्या याची गणती नाही.

मी म्हटलं, "बाबा, या दोनातला एक निवडा फक्त."

"दोनच पेपर तपासून निकाल लावतात का?" म्हणाले. "सगळा गठ्ठा दे."

आणि मंडळी, त्यांनी तपासला. हेडफोन, शेंगदाण्यांची वाटी, दोनशे पानी वही. 'ब्रॅट'पाशी दोनदा थांबवून "हिच्या आवाजाला काय केलंय?" असं विचारलं. जेमी एक्सएक्सचा 'इन वेव्ह्ज' नऊ वर्षांनी आलाय म्हटल्यावर "एवढी रजा? बिनपगारी असणार" म्हणाले. मग पेन खाली ठेवून मोबाइलवर बराच वेळ काहीतरी शोधत बसले. मी झोपून गेले.

सकाळी ग्रुपवर त्यांची यादी आली होती. मीच रात्री त्यांना ग्रुपात घेतलं होतं. आधी गुलाबाच्या फुलासह 'शुभ सकाळ', मग मजकूर:

"१. 'हनी', कॅरिबू. खरं नाव डॅन स्नेथ, लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून गणितात पीएचडी. प्रबंधाचा विषय: ओव्हरकन्व्हर्जंट सीगल मॉड्युलर सिम्बॉल्स. गुण ३०. या अल्बमात त्याने संगणकाकडून स्वतःचाच आवाज बदलून घेतला आहे. स्वतःच्या जागी स्वतःच डमी बसण्याबाबत नियम आढळला नाही, सबब गुण कापलेले नाहीत.

२. 'कॅस्केड', फ्लोटिंग पॉइंट्स. खरं नाव सॅम शेपर्ड, मेंदूविज्ञानात पीएचडी. गुण ३०.

३ ते १०. इतर आठ उमेदवार. प्रत्येकी ५, उत्तेजनार्थ. शिक्षण पूर्ण करून पुन्हा बसावे.

एकूण १००."

डोंबिवलीकराने शीटमध्ये आकडे भरले. बेरीज बिनचूक असल्यामुळे शीटने निमूट घेतले. 'ब्रॅट' ६३, 'डायमंड ज्युबिली' ६३. 'हनी' आदल्या रात्री ३४ वर होता, तो ६४ वर गेला. एका गुणाने पहिला. आमच्यापैकी कुणीही त्याला पहिल्या तिनात धरलं नव्हतं.

बर्लिनकराने लिहिलं की हे संगीताचं मूल्यमापनच नाही, फेरमोजणी व्हावी. तिकडे पहाट व्हायची होती, तरी शुद्ध मराठीत लिहिलं, म्हणजे फारच लागलं होतं.

बाबांनी चहा संपवला, चष्मा लावला आणि एका बोटाने उत्तर टाइप केलं: "फेरतपासणीसाठी पालकांच्या सहीने अर्ज करावा."