किंमत लावण्याची आतबट्ट्याची विद्या

ऑनलाइन बाजारपेठेत नव्याने दुकान मांडणाऱ्या विक्रेत्याने सर्वांत आधी हिशेब करण्याची सवय सोडून द्यावी. वस्तू आपल्याला केवढ्याला पडली हा प्रश्न कोत्या वृत्तीच्या माणसांना पडतो. आपण तीच वस्तू इतर विक्रेते केवढ्याला देत आहेत हे पडद्यावर पाहावे आणि त्याहून थोडी कमी किंमत लावून मोकळे व्हावे. पलीकडचा विक्रेता कदाचित थेट कारखान्यातून हजारोंच्या संख्येने माल उचलत असेल, कदाचित गोदाम रिकामे करायचे म्हणून जुना साठा मिळेल त्या भावाने काढून टाकत असेल, किंवा कदाचित त्यानेही आपल्याकडे पाहूनच किंमत ठरवली असेल. अशा शक्यतांचा विचार करत बसलात, तर तेवढ्या वेळात तिसराच कोणीतरी दोघांच्याही खाली उतरलेला असेल.

कमिशनची चिंता करू नये, ते फार सोपे प्रकरण आहे. बाजारपेठ २० टक्के कापून घेते असे कळले, की १०० ला पडलेल्या वस्तूवर २० चढवावेत आणि १२० किंमत लावावी. कमिशन खरेदीच्या किमतीवर नव्हे तर विक्रीच्या किमतीवर आकारले जाते, १२० चे २० टक्के म्हणजे २४ होतात आणि हाती ९६ च उरतात, असे सांगणारे काही रसभंग करणारे लोक भेटतील. नुसते मुद्दल परत मिळवायचे तरी १२५ लावावे लागतील, असेही ते वर सुनावतील. त्यांना नम्रपणे सांगावे की नगामागे जाणारे ४ आम्ही संख्येतून भरून काढू. प्रत्येक नगावर होणारा तोटा अधिक नग विकून भरून निघतो, या श्रद्धेवर या व्यापारातील कितीतरी दुकाने उभी आहेत, आणि ज्या महिन्यात विक्री सर्वाधिक होते त्याच महिन्यात ती बंद का पडतात, याचे गूढ त्यांच्या मालकांनाही उकललेले नाही.

पोच अर्थातच मोफत ठेवावी. एक किलो वजनाची उशी ५० बाय ४० बाय ३० सेंटीमीटरच्या खोक्यात घालून कुरिअरकडे दिली, की तो लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागतो आणि १२ किलोचे बिल हातात ठेवतो. हे आकारमानाचे वजन किंमत लावण्यापूर्वी काढता येते, परंतु आधीच काढले तर बिल पाहताना वाटणारे आश्चर्य उरत नाही. पोचखर्च ग्राहकाकडून वेगळा घेण्याचा मोह झालाच, तर वस्तूची किंमत नाममात्र ठेवून सगळा नफा पोचखर्चात दडवावा आणि आपण बाजारपेठेला चकवले या समाधानात राहावे. ईबेसारख्या बाजारपेठा आपले शुल्क पोचखर्चासह एकूण रकमेवर आकारतात, हे महिनाअखेरीच्या विवरणपत्रात दिसतेच. परत आलेल्या मालाविषयी काहीही लिहिण्याची गरज नाही, कारण आपला माल परत येणार नाही, अशी प्रत्येक विक्रेत्याची खात्री असते.

सवलतीच्या बाबतीत मात्र हात सैल सोडावा. १०० च्या विक्रीत २० सुटत असतील आणि आपण १० टक्के सूट जाहीर केली, तर पूर्वीइतकाच नफा मिळवण्यासाठी दुप्पट नग विकावे लागतात. दुप्पट नग म्हणजे दुप्पट खोकी, दुप्पट चिकटपट्टी आणि दुप्पट तक्रारी, म्हणजेच धंदा वाढल्याचा भरभक्कम पुरावा. सवलतीआधी मूळ किंमत फुगवून ती खोडून दाखवण्याची जुनी कला अजून अनेक ठिकाणी चालते. युरोपीय संघाने मात्र २८ मे २०२२ पासून, कपात जाहीर करताना आधीच्या निदान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवलीच पाहिजे असा नियम लागू करून या कलेवर घाला घातला आहे. तिथल्या विक्रेत्यांना आता फुगवायची किंमत महिनाभर आधी फुगवावी लागते आणि तो महिनाभर काही न विकता बसावे लागते.

हे सगळे हाताने करण्याचा कंटाळा येत असेल, तर किंमत आपोआप बदलणारे सॉफ्टवेअर घ्यावे आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये. या मार्गाने गाठलेली उंची अभूतपूर्व आहे. पीटर लॉरेन्स यांचे ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे १९९२ साली निघालेले, माशीच्या घडणीविषयीचे जीवशास्त्राचे पुस्तक २०११ च्या एप्रिल महिन्यात ॲमेझॉनवर दोन विक्रेत्यांनी नवे कोरे म्हणून विक्रीला ठेवले होते. पहिल्याचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या किमतीला ०.९९८३ ने गुणून आपली किंमत ठरवत होते, म्हणजे किंचित स्वस्त राहत होते, तर दुसऱ्याचे सॉफ्टवेअर पहिल्याच्या किमतीला १.२७०५८९ ने गुणत होते. दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाला चोख जागली आणि प्रत्येक फेरीत किंमत सुमारे २७ टक्क्यांनी चढत गेली. मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञाने हा खेळ रोज टिपून ठेवला म्हणून आपल्याला ठाऊक आहे की १८ एप्रिलला पुस्तकाची किंमत २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर पोहोचली होती आणि पोचखर्चाचे ३.९९ डॉलर वेगळे होते. त्या रकमेतही पोच मोफत द्यावीशी कोणाला वाटली नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. महागड्या विक्रेत्याकडे पुस्तक मुळात नसावे आणि मागणी आलीच तर स्वस्त विक्रेत्याकडून घेऊन पाठवण्याचा त्याचा बेत असावा, असा आयझेन यांचा तर्क होता.

वर जाण्याने फार तर हसे होते. खरे कौशल्य खाली जाण्यात आहे आणि त्यासाठी सॉफ्टवेअरमधला, ज्याच्या खाली किंमत उतरू नये असा किमान किमतीचा रकाना रिकामा ठेवणे किंवा सॉफ्टवेअरवर भाबडा विश्वास टाकणे पुरेसे असते. १२ डिसेंबर २०१४ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, नाताळच्या खरेदीला ऐन भरती आलेली असताना, रीप्रायसरएक्सप्रेस या किमती आपोआप बदलणाऱ्या प्रणालीतील बिघाडामुळे ब्रिटनमधील ॲमेझॉनवर हजारो वस्तू सुमारे तासभर प्रत्येकी एक पेनीला विक्रीस लागल्या. ॲमेझॉनने बहुतेक मागण्या रद्द केल्या, परंतु ज्या विक्रेत्यांनी आपला माल आधीच ॲमेझॉनच्या गोदामात ठेवला होता त्यांच्यापैकी काहींचा माल रवानाही झाला होता, कारण ते गोदाम तत्परतेसाठीच प्रसिद्ध आहे. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात, आपली किंमत तिसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि आपण शुक्रवारी संध्याकाळी पडद्यापासून दूर, अशी आदर्श मांडणी त्या दिवशी अनेकांना साधली होती.

यंत्राची मदत न घेताही एकक चुकवून हेच साधता येते. डझनाच्या पाकिटाला एका नगाची किंमत लावणे ही त्यातली प्राथमिक पायरी झाली. १९३९ साली इंग्लंडच्या न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात विक्रेत्यांनी अर्जेंटिनातील सशांची कातडी नगाच्या भावाने विकायची सोडून चुकून वजनी पौंडाच्या भावाने देऊ केली होती, आणि एका पौंडात साधारण तीन कातडी बसत होती. खरेदीदाराला ही चूक कळायलाच हवी होती, असे म्हणून न्यायालयाने विक्रेत्यांना त्या सौद्यातून सोडवले.

म्हणून इथे एक बारीक सूचना करावीशी वाटते. चूक करायचीच तर ती डोळ्यांत भरण्याइतकी मोठी करावी. २००३ च्या जानेवारीत सिंगापूरमधील एका कंपनीच्या संकेतस्थळांवर, किमती नोंदवण्याच्या नव्या पद्धतीचे प्रशिक्षण चालू असताना, ३,८५४ सिंगापुरी डॉलरच्या लेझर प्रिंटरसमोर चाचणीचा ६६ हा आकडा लागला आणि खऱ्याखुऱ्या ग्राहकांना दिसू लागला. सहा मित्रांनी मध्यरात्रीनंतर मिळून १,६०६ प्रिंटर मागवले आणि मग ते पाठवून द्या म्हणून दावा ठोकला. किंमत चुकलेली आहे हे त्यांना ठाऊक होते, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने तो करार रद्दबातल ठरवला. प्रत्येकाने एकेकच प्रिंटर घेतला असता तर त्यांचे मन इतके उघडे पडले नसते, तेव्हा आपला ग्राहक अधाशी निघावा अशी प्रार्थना करावी. किंमत ३,८५४ ऐवजी २,८५४ लागली, तर मात्र ती चूक कोणालाही चूक वाटणार नाही आणि माल मुकाट्याने पाठवावा लागेल.

मागणी येताच आपोआप जाणाऱ्या उत्तराची भाषाही विचारपूर्वक निवडावी. ‘आपली मागणी नोंदवली आहे, माल रवाना झाल्यावर करार पक्का होईल’ असे कोरडे वाक्य लिहिणारे विक्रेते अडचणीतून सुटतात, म्हणून ‘अभिनंदन! आपली खरेदी निश्चित झाली आहे’ असे ऊबदार वाक्य लिहावे. २००२ साली ब्रिटनमध्ये कोडॅकच्या संकेतस्थळावर ३२९ पौंडांचा कॅमेरा संच १०० पौंडांना लागला, ग्राहकांना मागणी पक्की झाल्याची ईमेल आपोआप गेली, आणि बऱ्याच वादानंतर कंपनीने त्याच किमतीत कॅमेरे दिले.

आपल्याला इतके औदार्य झेपत नसेल, तर मागण्या रद्द कराव्यात, ‘तांत्रिक कारण’ एवढेच कळवावे आणि रागावलेल्या ग्राहकांची समजूत घालण्यासाठी प्रत्येकाला पुढील खरेदीवर ५० टक्के सूट देणारे कुपन पाठवावे. या गडबडीत कुपनावर शेवटची तारीख टाकणे, ते एका ग्राहकाला एकदाच वापरता येईल अशी अट घालणे आणि इतर सवलतींबरोबर ते चालणार नाही असे नमूद करणे राहून गेले, तरी हरकत नाही, कारण ग्राहक ते कुपन एकमेकांना पाठवतील आणि आपल्या दुकानाची जाहिरात फुकटात होईल.