स्पाइक गार्ड जप्त झाला ते बरंच झालं

क्रूझवर चढताना माझी बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावरून सरळ पुढे आलीच नाही, बाजूला काढली गेली. सिक्युरिटीच्या बाईंनी चेन उघडली, घडीच्या कपड्यांखालून माझा सहा पॉइंटांचा स्पाइक गार्ड अचूक बाहेर काढला, त्याला केबिन नंबरची चिठ्ठी बांधली आणि माझ्या हातात पावती ठेवली. शेवटच्या दिवशी परत मिळेल म्हणाल्या. का, असं विचारलं तर "नॉट अलाउड". मागे रांग होती, मी गप्प बसले.

पण डोकं तापलं होतं, खोटं कशाला सांगू. केबिनमध्ये आम्ही चौघं. चार फोन, दोन टॅब, एक लॅपटॉप, दोन घड्याळं, कॅमेरा, लेकीच्या इअरबड्सची डबी आणि नवऱ्याचं रात्रीचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं). एवढ्या लवाजम्याला टेबलापाशी प्लगपॉइंट किती? तीन. दोन चपट्या पिनांचे, ११० व्होल्टचे, आणि एक गोल पिनांचा, २२० चा. पलंगाजवळच्या दिव्याच्या बुडाशी एक यूएसबी होतं, पण त्यावर फोन मुंगीच्या पावलाने चार्ज व्हायचा. मी तेव्हाच ठरवलं होतं, घरी गेल्यावर यावर एक सणसणीत पोस्ट टाकायची.

ती ही पोस्ट. फक्त मधल्या काळात माझं मत उलटं झालंय.

झालं असं, की माझा भाचा मालवाहू जहाजांवर ईटीओ आहे, म्हणजे तिथला इलेक्ट्रिकल ऑफिसर. त्याला मी जहाजाच्या वायफायवरूनच तावातावाने व्हॉइस मेसेज पाठवला. उत्तर आलं, "अगं मावशी, बरं केलं त्यांनी. आमच्याकडे असतीस तर मीच काढून घेतला असता." पुढे भेटलो तेव्हा त्याने कागदावर आकृती काढून समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

घरातल्या प्लगमध्ये एक वायर फेजची, एक न्यूट्रलची. न्यूट्रल पुरवठ्याच्या टोकाला जमिनीशी जोडलेली असते, म्हणून झटका बसतो तो फेजचा. बटण, फ्यूज सगळं फेजवर बसवलं की काम झालं. जहाजाला जमीन कुठली? त्याचं अर्थिंग म्हणजे त्याचं पोलादी अंग. आणि बऱ्याच जहाजांवर पुरवठ्याची एकही वायर त्या अंगाला जोडत नाहीत, मुद्दाम. घरी एखादी वायर अर्थला टेकली तर सप्लाय ट्रिप होतो, आपण थोडा वेळ अंधारात बसतो, वैतागतो, संपलं. भर समुद्रात सुकाणूची मोटर किंवा पंप अशा एका फॉल्टपायी बंद पडून कसं चालेल? वायरी अंगापासून सुट्या ठेवल्या की पहिल्या फॉल्टने काही बंद पडत नाही. कंट्रोल रूममध्ये इशारा येतो आणि माझा भाचा टॉर्च घेऊन फॉल्ट शोधत हिंडतो. (नोकरीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, असं त्याचं म्हणणं.)

म्हणजे अशा जहाजावर प्लगमधल्या दोन्ही वायरी जिवंत. आता त्यात माझा स्पाइक गार्ड घाला. त्याचं बटण आणि कटआउट बहुतेक वेळा एकाच वायरीवर असतं. बटण बंद केलं, लाल दिवा विझला, तरी दुसऱ्या वायरीने वीज आत आलेलीच असते. पण याहून वाईट गोष्ट त्याच्या पोटात आहे. तिथे व्हॅरिस्टर नावाचे बटणाएवढे चपटे तुकडे असतात. व्होल्टेज एकदम उसळलं की जास्तीची वीज अर्थकडे वळवायची, हे त्यांचं काम. घरी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जवळजवळ काहीच व्होल्टेज नसतं, त्या हिशोबावर सगळा बेत उभा असतो. जहाजावर तिथेही व्होल्टेज असतं. त्यात लांब कुठेतरी एक वायर जहाजाच्या अंगाला टेकली, की इकडे दुसऱ्या वायरीचं अंगाशी असलेलं व्होल्टेज आणखी चढतं. हा ताण तासन्‌तास राहिला तर तो तुकडा तापतो आणि भोवतीचं प्लॅस्टिक पेटवू शकतो. घराच्या हिशोबाने राखणदार म्हणून नेलेली वस्तू तिथे काडी लावायला बसलेली!

हे भाच्याच्या पदरचं नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ साली यावर खास सुरक्षा-सूचना काढली होती. एका जहाजावर कर्मचाऱ्यांच्या केबिनमध्ये अशाच सर्ज प्रोटेक्टरमुळे (सर्ज म्हणजे व्होल्टेजची उसळी, स्पाइक गार्डचंच हे दुसरं नाव) दोन आगी लागल्या होत्या, मोठा अनर्थ थोडक्यात टळला होता. त्यानंतरची ती सूचना.

सगळ्या जहाजांची वायरिंग एकसारखी नसते, हेही भाच्याने सांगितलं. पण जहाजात चढायच्या वाटेवर उभ्या सिक्युरिटीवाल्या बाईने प्रत्येकाला वायरिंगचा तास द्यायचा का? त्यामुळे सरसकट बंदी. मला पटलं.

न पटलेली गोष्ट वेगळी आहे. कंपन्या बंदी घालतात, पण कारण सांगत नाहीत. बंदीच्या यादीत इस्त्री, किटली, मेणबत्ती आणि स्पाइक गार्ड एकाच दमात लिहिलेले असतात. मेणबत्ती का नको, हे शेंबड्या पोरालाही कळतं. स्पाइक गार्ड का नको, हे कोणाला कळणार? ती तर जबाबदार माणसाने बाळगायची वस्तू! मग लोक हुशारी करतात. मोज्यात गुंडाळून नेतात, हँडबॅगेत दडवतात, आणि वर "कसा नेला" याच्या टिपा एकमेकांना देतात. यातले बहुतेक लोक बेफिकीर नाहीत, उलट जास्तच काळजी घेणारे आहेत. बंदीखाली दोन ओळींचं कारण छापायला कितीशी शाई लागते?

"मी पाच वेळा नेला, काही झालं नाही" हेही ऐकलं. झालं नसेल, कारण त्या पाचही वेळा जहाजात दुसरीकडे फॉल्ट नव्हता. दुसरीकडच्या त्या फॉल्टवर तुमचा काही ताबा नसतो, तुमच्या केबिनमध्ये तो दिसतही नाही.

आणि आग म्हटल्यावर जहाजावाले एवढे का बिथरतात? १९६५ च्या नोव्हेंबरात यार्माउथ कॅसल नावाचं प्रवासी जहाज मायामीहून नासाऊला निघालं होतं. १९२७ सालची बांधणी, आत लाकूडच लाकूड. आग सुरू झाली ती एका केबिनमध्ये, क्रमांक ६१०. तिथे तेव्हा प्रवासी नव्हते, गाद्या आणि सामान कोंबलं होतं. जहाज बुडालं, ९० माणसं गेली. एका खोलीपासून सुरुवात! त्यानंतर प्रवासी जहाजांच्या बांधणीतून जळणाऱ्या वस्तू हद्दपार करण्याचे नियम कडक होत गेले. आजच्या केबिनच्या भिंतीला लोहचुंबक टच्चकन चिकटतो तो उगाच नाही, आत पोलादाचा पत्रा आहे. (चुंबकाचे हूक न्या. ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर जातं आणि टेबल मोकळं राहतं.) आता केबिनमध्ये जळण्यासारखं बरंचसं उरतं ते आपण बॅगेतून आणलेलं. शिवाय तिथे बाहेरून अग्निशमन दल यायचं नाही. सकाळी हसून "गुड मॉर्निंग" म्हणणारी माणसंच वेळ आली तर आग विझवायला धावणार असतात.

दुसरं उदाहरण अगदी चार्जिंगच्या जवळचं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कन्सेप्शन नावाची, डायव्हिंगला जाणाऱ्यांची बोट रात्री पेटली. खाली झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी, असे ३४ जण दगावले. तपास यंत्रणेला आगीचं नेमकं कारण ठरवता आलं नाही, पण ज्या शक्यता त्यांनी मांडल्या त्यांत कोणाचं लक्ष नसताना चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या होत्या. रात्रभर गस्त घालणारं कोणी ठेवलं नव्हतं, हा त्या प्रकरणातला मोठा दोष. ती छोटी बोट होती, मोठ्या क्रूझशी तिची तुलना होत नाही, मान्य. तरी "कोणाचं लक्ष नसताना चार्जिंगला" हे शब्द वाचल्यावर मला आमच्या पलंगावर उशीखाली चार्ज होणारा लेकीचा फोन आठवला.

खरं सांगायचं तर, स्पाइक गार्डवर एवढं लिहिलं, पण मला आता जास्त भीती या उशीखालच्या फोनची वाटते. स्पाइक गार्ड निदान एक्स-रेत दिसतो. लिथियम बॅटरीला उष्णता बाहेर टाकायला जागा लागते, आणि गादी, उशी, दुलई म्हणजे तिला उलट गोधडीत गुंडाळणं. बॅटरी आतून बिघडली की तिची स्वतःची उष्णताच तिला आणखी तापवत नेते, ते चक्र एकदा सुरू झालं की बटण बंद करून थांबत नाही. विझली असं वाटूनही पुन्हा पेटते. आमच्याकडे आता नियम एकच आहे: चार्जिंग टेबलावर, उघड्यावर, आणि केबिनबाहेर पडताना पिना काढायच्या. काही जहाजांवर दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, आणि कार्ड काढलं की प्लगही बंद होतात. मग लोक त्यात कुठलंतरी जुनं कार्ड खुपसून ठेवतात, फोन चार्ज होत राहावेत म्हणून. मीही पहिल्या दिवशी तेच केलं होतं. आता करणार नाही.

मग एवढी यंत्रं चार्ज कशी झाली? गंमत म्हणजे, प्लग कमी पडतच नाहीत, चार्जर जास्त असतात. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू यूएसबीवर चालतात. शेजारच्या केबिनमधल्या आजोबांकडे एकच ठोकळा होता, ६५ वॉटचा, चार तोंडांचा, कुठलीही सर्जबिर्जची भानगड नसलेला. एका प्लगमध्ये त्यांचं सगळं घर चार्ज व्हायचं. मी सहा पॉइंट वागवत आले आणि आजोबा मुठीएवढ्या ठोकळ्यावर निवांत! तेव्हा आधी कंपनीची यादी नीट वाचा, कारण भिंतीत घालायचे मल्टिप्लग आणि साध्या एक्स्टेंशन वायरीही अनेक ठिकाणी चालत नाहीत. आणि विकत घेताना खोक्यावर 'सर्ज' हा शब्द किंवा 'ज्यूल'मधला आकडा (किती उसळी झेलेल त्याचं माप) दिसला, तर ती वस्तू घरीच ठेवा.

चार्जरवरची बारीक अक्षरंही वाचा. '१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर ११० आणि २२० दोन्ही चालतं, फक्त पीन बसवायला साधा अडॅप्टर हवा. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुधा असेच असतात. व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि बाथरूममधला तो शेव्हरचा प्लग शेव्हरपुरताच. त्यामागे अगदी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, फार थोड्या वॉटचा. तिथे लॅपटॉप लावायचा मोह माझ्या मुलाला झाला होता, मी वेळेवर पाहिलं.

फोन मुळात कमी संपावा यासाठी साधा उपाय: समुद्रावर फ्लाइट मोड, वायफाय हवं तर त्यातच चालू. नाहीतर नसलेलं नेटवर्क शोधता शोधता दुपारपर्यंत बॅटरी आडवी. वर जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला चुकून चिकटला तर बिल येतं ते वेगळंच.

पॉवर बँक चांगल्या बनावटीची, आणि फुगलेली, पडलेली, भिजलेली असेल तर नेऊच नका. बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर ती केबिन बॅगेतच हवी, १०० वॉट-अवरच्या आत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चिंता नाही. बाल्कनीत उन्हात ठेवून विसरू नका. प्रवासात एखादी बॅटरी फुगलेली दिसली तर केबिनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जहाजावर कचरा जाळायची भट्टी असते, तिथपर्यंत ती बॅटरी जाता कामा नये. रिसेप्शनला सांगा, ते तिची व्यवस्था करतात. आणि धूर दिसला तर सामान आवरत बसू नका, बाहेर या, दार ओढून घ्या, आणि कळवा. केबिनचं दार आग अडवण्यासाठीच बनवलेलं असतं, उघडं राहिलं तर त्याचा काय उपयोग?

सीपॅपवाल्यांसाठी वेगळं. बुकिंग करतानाच कळवा. आम्ही कळवलं नव्हतं. पहिल्या रात्री पलंगापर्यंत वायर पोचेना, नवरा चिडचिडा, मी त्याहून. शेवटी स्टुअर्डला, म्हणजे केबिनची देखभाल करणाऱ्याला, सांगितलं तर त्याने पंधरा मिनिटांत जहाजाचीच एक एक्स्टेंशन वायर आणून दिली, त्यांनी तपासलेली, लेबल लावलेली. मशीनसाठी डिस्टिल्ड वॉटरही मिळालं. मागितलं असतं तर पहिल्याच दिवशी मिळालं असतं.

शेवटच्या सकाळी पावती घेऊन गेले. एका लांब टेबलावर जप्त केलेल्या वस्तू मांडल्या होत्या. चार-पाच इस्त्र्या, एक किटली, आणि बाकी सगळे स्पाइक गार्ड. पांढरे, काळे, सहा पॉइंटांचे, आठ पॉइंटांचे, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. माझा ओळखायला मला दोन मिनिटं लागली. तो घेऊन आले खरी, पण लॅपटॉपचा चार्जर मात्र टेबलापाशच्या प्लगमध्ये विसरून आले.