साधी सायकल मागणाऱ्याला साधीच सायकल दाखवा

आज ट्यूब बदलून घ्यायला सायकलच्या दुकानात गेले होते. माझ्या पुढे साठीच्या एक काकू उभ्या होत्या. मागणं एका वाक्याचं: "घराच्या आसपास फिरायला साधी, स्वस्तातली सायकल हवी." दुकानातल्या मुलाने त्यांच्यापुढे काय आणून ठेवावं? २१ गिअर, पुढे-मागे शॉक (हादरे शोषणाऱ्या स्प्रिंगा), डिस्क ब्रेक. "काकू, साधी आता घेतं कोण?" त्यांनी दांडीवरून पाय टाकून बघितला, तो अडला. "बरं, बघते" म्हणत ओशाळून निघून गेल्या. ओशाळायला हवं होतं दुकानाने. आणि मीही तिथे गप्प उभी राहिले, याचा राग वेगळाच.

माझ्या आईचं हेच झालं होतं. चोपन्नाव्या वर्षी ती मैत्रिणीच्या जुन्या सायकलवर शिकली. मग आम्ही भावंडांनी हौसेने तिला सगळ्यात भारदस्त दिसणारी सायकल आणली. उंच आडवी दांडी, जाडजूड टायर, पुढे शॉक. पहिल्याच आठवड्यात वळणावर थांबताना तिचा पाय जमिनीला पोचला नाही आणि ती कुशीवर पडली. फार लागलं नाही. पण म्हणाली, "माझं वय नाही गं राहिलं आता." आणि आम्ही ते मान्य केलं! दोन वर्षं सायकल जिन्याखाली पडून होती. वय आड आलंच नव्हतं, माप चुकलं होतं. हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

स्वस्त सायकलला शॉक लावतात तेव्हा पैसे कुठून वाचवतात? बेअरिंग, रिम, ब्रेक, पायडल यांतूनच ना. तो शॉक म्हणजे नुसती जड स्प्रिंग. मागेही शॉक असेल तर पायडलला लावलेला जोर सायकल वरखाली हलण्यात जातो. गल्लीतल्या खड्ड्यांना जरा रुंद टायर आणि बेताची हवा पुरते. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. आणि २१ गिअर म्हणजे पुढच्या ३ दातेरी चकत्या गुणिले मागच्या ७, त्यातले कितीतरी जवळजवळ सारखेच. वर गिअरची तार सैल पडली की गिअर नीट बदलत नाहीत.

हो, रोजच्या वाटेवर चढ असेल तर गिअर लागतात. मान्य. पण मग मागचे सहा-सात पुरेत.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी जवळपास सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली रोव्हर सायकल आणली. तिला 'सेफ्टी' म्हणत. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवर अक्षरशः चढून बसावं लागे आणि पडलं की तोंडावर. हिच्यावर बसलेल्या माणसाचा पाय जमिनीजवळ असे. तीनच वर्षांनी डनलप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं आणि हादरेही कमी झाले. आरामाने बसता येणं, पाय टेकणं, हादरे न बसणं, हे सगळं तेव्हाच साधलं होतं. मग माझ्या आईला आम्ही पुन्हा उंचावर का चढवलं?

शेवटी भावाने तिच्यासाठी एक वापरलेली सायकल शोधली. खाली वाकलेली दांडी, एकच गिअर, चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, घंटी. घेण्याआधी त्याने चाकं उचलून फिरवली आणि रिम ब्रेकजवळ डगमगते का ते बघितलं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आडवा हलवून पाहिला, फ्रेमच्या जोडांवर बोट फिरवून तडा शोधला. वरवरच्या गंजाकडे त्याने लक्ष दिलं नाही, ते बरोबरच होतं. जुन्या सायकलला टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि तारा बदलायचे पैसे बाजूला ठेवावेच लागतात. ज्याला एवढं बघणारं कोणी नाही त्याने नवीच घ्यावी, हेही खरं.

सीट आम्ही आधी इतकी खाली ठेवली की आईचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकत. एवढ्या खालच्या सीटवर गुडघे दुखतात, पण भीती जायला तेच हवं होतं. मग दर आठवड्याला बोटभर वर. महिन्याभराने पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हायला लागला. त्या दिवशी ती तीन चकरा मारून आली आणि घंटी वाजवत दारात उभी राहिली. मला हाक मारली नाही. फक्त घंटी.

म्हणून त्या काकूंचं "बरं, बघते" माझ्या कानातून जात नाहीये. तुमच्या जिन्याखाली खाली वाकलेल्या दांडीची सायकल धूळ खात असेल तर मला कळवा. ब्रेकचे रबर आणि ट्यूब मी बदलून घेईन. उद्या मी दुकानात जाऊन काकू कुठे राहतात ते विचारणार आहे.