फ्रोडो हरतो, हे वाचलंत ना?

जे. आर. आर. टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी म्हणजे लहान मुलांची गोष्ट, उगाच हजार पानं फुगवलेली, असं सांगणारं एक टिपण सध्या हातोहात फिरतंय. त्यातले आक्षेप थोडक्यात असे: चांगले सगळे धुतल्या तांदळासारखे, वाईट सगळे काळेकुट्ट, विजय आधीच ठरलेला. कथा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचं रूपक आणि त्यातली, बाळगणाऱ्याला भ्रष्ट करणारी अंगठी म्हणजे अणुबॉम्ब. ती नष्ट करायला गरुडांवर बसून गेले असते तर काम एका दिवसात झालं असतं. बायका नाहीत. वेग गोगलगायीचा.

यातला बायकांबद्दलचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, वेगाबद्दलचा अर्धा. पण पहिला आक्षेप वाचून वाटलं, लिहिणाऱ्याने तिसरा खंड शेवटपर्यंत वाचला असेल का?

कारण तिथे नायक, फ्रोडो नावाचा हॉबिट (माणसासारखाच, पण बुटका जीव), हरतो. शेकडो मैल चालून, उपाशीतापाशी, अंगठी नष्ट करायला फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत पोचतो आणि ऐन क्षणी म्हणतो की मी हे करणार नाही, अंगठी माझी आहे. बोटात घालतोसुद्धा. मग गॉलम, याच अंगठीने पूर्वी पछाडलेला आणि तिच्या मागावर असलेला जीव, झडप घालतो, बोटासकट अंगठी तोडतो आणि आनंदाने नाचताना तोल जाऊन आगीत पडतो. जग वाचतं ते असं. टॉल्किनने नंतर वाचकांना लिहिलेल्या पत्रांतही फ्रोडो अपयशी ठरला हे स्पष्ट मान्य केलं होतं. त्याला दोष मात्र दिला नाही, कारण तिथे कुणाचाच टिकाव लागला नसता.

आणि गॉलम तोवर जिवंत का असतो? फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने अंधाऱ्या भुयारात हातात तलवार असताना त्याला मारलं नाही म्हणून. फ्रोडोनेही मारलं नाही म्हणून. आणि शेवटच्या चढावर, अगदी काही मिनिटं आधी, फ्रोडोचा सोबती सॅम याचाही हात उचलला गेला नाही म्हणून. सॅमने थोडा काळ का होईना, ती अंगठी वागवलेली असते. ते ओझं काय असतं हे त्याला कळलेलं असतं.

याच सॅमच्या हातून त्याआधी काय होतं तेही पाहा. शत्रूच्या मुलखात जाणाऱ्या सिरिथ उंगोल खिंडीच्या पायऱ्यांवर दोघं झोपलेत, फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर. गॉलम परत येतो, बघत राहतो. त्याच्या चेहऱ्यावरची हाव विझते आणि क्षणभर तो एखादा थकलेला म्हातारा हॉबिट दिसायला लागतो. थरथरत्या हाताने तो फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. संपलं. डोळ्यांत पुन्हा तीच हिरवी चमक, आणि पुढे शेलॉब या महाकाय कोळिणीची गुहा. सॅमइतका प्रेमळ माणूस या पुस्तकात दुसरा नाही आणि त्याचा संशयही खराच आहे. तरी गॉलमच्या सुधारण्याची शेवटची संधी त्याच्याच चार कडू शब्दांनी जाते. माझ्या मते अख्ख्या कादंबरीतली सर्वांत दुःखद जागा हीच. यात पांढरं कोण आणि काळं कोण, हे टिपणकर्त्याने सांगावं. फ्रोडोचा सोबती योद्धा बोरोमिर याला तर अंगठी हवी असते ती स्वतःचं शहर वाचवण्यासाठी.

रूपकाचं उत्तर तारखांतच आहे. लेखन सुरू झालं डिसेंबर 1937 मध्ये, अणुबॉम्ब पडला 1945 मध्ये. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किनने म्हटलंय की ते युद्ध नमुना असतं, तर अंगठी नष्ट न करता तिचा निर्माता, खलनायक सॉरॉन याच्याविरुद्धच वापरली गेली असती. युद्धाची सावली आहे, पण ती पहिल्या महायुद्धाची. 1916 मध्ये टॉल्किन सॉमच्या लढाईत होता. 1918 पर्यंत जवळच्या मित्रांपैकी एकच उरला होता. कादंबरीतली, पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसणारी ती दलदल सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही ऋण बाळगते, हे त्यानेच एका पत्रात लिहिलंय. जिंकूनही फ्रोडो बरा होत नाही. दरवर्षी 6 ऑक्टोबरला जुनी जखम ठणकते, आणि शेवटी तो घरदार सोडून निघून जातो.

गरुडांचं म्हणाल, तर पहिल्याच खंडात गरुडांचा नायक ग्वाइहिर जादूगार गँडाल्फला सांगतो की मी निरोप पोचवायला आलोय, ओझी वाहायला नाही. शिवाय सॉरॉनचा पहारा आभाळावरही असतोच.

आता बायका. अंगठी घेऊन निघालेले नऊ सोबती, नऊही पुरुष. पुढे राजा होणाऱ्या एरागॉर्नची आणि आर्वेनची प्रेमकथा परिशिष्टात. हे समर्थनीय नाही. पण राजाची भाची एओविन, तिला विसरून कसं चालेल? तिला भीती वाटते ती पिंजऱ्याची. ती एरागॉर्नला तोंडावर सुनावते: पुरुष रणात मेले की घराचं काम संपलं, मग घरासोबत जळायची मुभा तेवढी आम्हाला. म्हणजे लेखकाला अन्याय दिसत होता. दिसूनही त्याने जागा केली नाही, हे मला जास्त खुपतं.

टिपणातून निसटलेला दोष याहून मोठा आहे. दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येणाऱ्या, हत्तींवर बसलेल्या सावळ्या फौजा सगळ्या शत्रूच्याच बाजूला. माझ्यासारख्या सावळ्या वाचकाला तिथे ठेच लागते. एका मेलेल्या दक्षिणी सैनिकाकडे पाहून सॅम विचार करतो: याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, की कुणाच्या धाकाने इतक्या लांब आला? सुंदर परिच्छेद आहे. पण त्या लोकांपैकी एकही जण कथेत स्वतः बोलत नाही, आणि युद्धानंतरचा त्यांच्याशी झालेला तह दोन ओळींत उरकतो.

राहिला वेग. बॉम्बाडिल या गूढ वनवासी पात्राची प्रकरणं मलाही जड गेली होती. पण अंगठी नष्ट झाल्यावर उरलेली सहा प्रकरणं म्हणजे लांबलेलं शेपूट, हे मान्य नाही. हॉबिट घरी येतात तर झाडं तोडलेली, घरं पाडलेली, गावावर विश्वासघातकी जादूगार सारुमानची माणसं. फ्रोडो त्या लढाईत तलवार उपसत नाही, शरण आलेल्यांना मारू देत नाही. सारुमान त्याला सुरा मारतो. अंगातल्या चिलखतामुळे तो वाचतो आणि सॅम धावून जातो, तर फ्रोडो त्यालाही अडवतो, सारुमानला जाऊ द्या म्हणतो. सारुमान त्याच्याकडे बघतो त्या नजरेत आश्चर्य असतं, आदर असतो आणि द्वेषही असतो. सूड घ्यायला आलेल्या माणसाला दया मिळाली, आणि त्याला ती सोसवत नाही.