ढब्बूच्या कार्डावरचे दोन शब्द

आमचा ढब्बू सिंहगड रोडला एका वेल्डिंगच्या दुकानामागे सापडला. दीड महिन्याचं कुत्र्याचं पिल्लू, अंगभर गोचिड्या. पहिल्या लसीला नेलं तेव्हा कार्ड भरणाऱ्या पोराने त्याच्या रुंद डोक्याकडे एकदा बघितलं आणि जातीपुढे ठोकून दिलं, 'पिटबुल क्रॉस'. आई कोण, बाप कोण, देवाला ठाऊक. मीही गप्प बसले. खोटं कशाला बोलू, तेव्हा जरा भारीच वाटलं होतं.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र निघालं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरे २३ जातींची आयात, पैदास, विक्री बंद करा आणि घरात आधीच असतील त्यांची नसबंदी करा. त्यांचे क्रॉससुद्धा त्यातच. यादी तरी नीट वाचून काढायची! 'टोसा इनू' आणि 'जपानी टोसा' असं एकच कुत्रं दोनदा, आणि एका ठिकाणी नुसतंच 'टेरियर्स'. म्हणजे मांडीवर मावणारं जॅक रसेलही आलं की त्यात.

संध्याकाळी पत्र सोसायटीच्या ग्रुपवर. खाली सेक्रेटरी काका: "ताई, तुमचा पण यातच येतो ना?"

नसबंदी कधीच झालेली होती, तो प्रश्नच नव्हता. पण समोरच्या आजी रोज त्याला पोळीचा तुकडा द्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार साखळीएवढंच उघडलं. "आज नको गं." ढब्बू बसून राहिला, शेपटी फरशीवर आपटत. मला कसंतरीच झालं.

पुढच्याच महिन्यात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं, ज्यांना झळ बसणार त्यांचं ऐकूनच घेतलं नव्हतं म्हणून. ही बातमी ग्रुपवर मीच टाकली. एक अंगठा आला, तोही माझ्या नवऱ्याचा.

आता, लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी गोव्यात हणजुण्याला पिटबुलने सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. त्या आईसमोर उभं राहून 'कुत्रा वाईट नसतो' म्हणायची माझी हिंमत नाही. मोठ्या ताकदीच्या कुत्र्याला पट्टा, मुसकं, लायसन्स सगळं सक्तीचं करा, आणि चावला तर मालकाला धरा, मलासुद्धा. पण बापाचा पत्ता नसलेल्या कुत्र्याची जात ठरवणार कोण? कार्ड भरणारा पोरगा?

शेवटी कार्ड बदलून आणलं. डॉक्टरांनी हसत जुने शब्द खोडले आणि 'गावठी' लिहिलं. हाही अंदाजच, फक्त सोयीचा. तो नवा कागद बघून काकांचा चेहरा मोकळा झाला. आजींनी मात्र कागद मागितलाच नाही, जूनमध्ये एक दिवस आपणहूनच पोळी घेऊन आल्या.

परवा लायसन्सचा फॉर्म भरायला घेतला. पुन्हा तोच रकाना, 'जात'. मी लिहिलं: तांबूस, पुढचे पाय पांढरे, २६ किलो.

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला.