खुलासा : कर्ट वॉर्नर दुकानातून थेट सुपर बोलमध्ये गेला नव्हता

‘किराणा दुकानात माल लावणारा कर्ट वॉर्नर थेट सुपर बोल जिंकला’ ही अमेरिकन फुटबॉलपटूबद्दल फिरणारी पोस्ट अर्धीच खरी आहे. (सुपर बोल म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, एनएफएलचा, अंतिम सामना.) आयोवातल्या सुपरमार्केटात त्याने रात्रपाळी केली, हे खरं. पण त्याआधी नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात शेवटच्या वर्षी, १९९३ मध्ये, तो मुख्य क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) झाला होता. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, कुणीच घेतलं नाही. ग्रीन बे या एनएफएल संघाने सराव शिबिरातूनच परत पाठवलं.

खरी घडण पुढची, आणि नेमकी तीच गाळली जाते. १९९५ ते १९९७ तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल, म्हणजे बंदिस्त छोट्या मैदानावरचा प्रकार, खेळला. तिथे मैदान ५० यार्डांचं, संघात आठच खेळाडू. चेंडू हातात धरून ठेवला की संपलंच. झटपट पास तिथेच अंगवळणी पडला. १९९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संघात, मग एनएफएलमधल्या रॅम्स संघाकडे राखीव. १९९९ मध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा दुखावला म्हणून संधी मिळाली. त्या मोसमात ४१ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास!