शेरडांनी काय बोर्ड खायाचा?

परवा गावाकडं गेलो होतो. बालाघाटाच्या कुशीतलं आमचं गाव, जिल्हा धाराशिव. फाट्यावर एसटीतून उतरलं की गायरानाच्या कडंनं पायी जावं लागतं. तिथं नवाकोरा फलक उभा होता, 'पडीक जमिनीवर वृक्षलागवड'. फलकामागं रांगेनं खड्डे आणि खड्ड्यांत काड्या. बऱ्याचशा गिरिपुष्पाच्या, कारण त्याला जनावर लवकर तोंड लावत नाही, म्हणजे मोजणीच्या दिवसापर्यंत काडी जागेवर राहते. माझे चुलते, आबा, अजून पंधरा-वीस शेरडं राखतात. ते फलकाकडं बोट करून म्हणाले, "गवात उकरून काड्या लावल्या. आता शेरडांनी काय बोर्ड खायाचा?"

तेव्हापासून हा 'पडीक' शब्द डोक्यात घोळतोय. जिथं नांगर चालत नाही आणि सारा मिळत नाही ती जमीन पडीक, हा महसुलाचा हिशोब. तो आपण इतका पचवलाय की आता गावातली पोरंही माळाला पडीकच म्हणतात.

माळावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. तिथं मोठं झाड जोमानं वाढत नाही, यात जमिनीचा दोष काय? गवताला तेवढी माती पुरते. पहिल्या दोन पावसांत माळ हिरवा होतो. श्रावणात पवन्या, मारवेल गुडघ्याला लागतं. दिवाळीपर्यंत सगळं पिवळं पडतं आणि धोतराला कुसळं चिकटायला लागतात. उन्हाळ्यात वरून मेलेलं दिसतं, पण मुळं जिवंत असतात आणि त्याच मुळांनी मुरूम धरून ठेवलेला असतो. तित्तर, लावे, चंडोल, टिटवी, धाविक ही सगळी पाखरं जमिनीवरच अंडी घालतात. मोकळा माळ हेच त्यांचं घर. काळवीटालाही लांबवर नजर पोचेल असं रान लागतं. तिथं दाट झाडी उभी केली की आपण हिरवळ वाढवली म्हणून टाळ्या वाजवतो आणि ही मंडळी गुपचूप निघून जातात.

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरातून चालत आलेला! काय ते रील्स, काय ते स्टेटस. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या लांडगा राहतोय. कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे आणि देशात तो साधारण ३,००० च उरलाय, म्हणजे वाघाहूनही कमी. तो शेरडू उचलतो म्हणून आबा त्याला शिव्या घालतात, आणि चार महिने दिसला नाही की तेच विचारतात, "लांडगं कुठं गेलं रं?"

माळावर फक्त रानातलीच जनावरं जगतात असंही नाही. लातूरकडची देवणी गाय, कंधारची लाल कंधारी, आमची उस्मानाबादी शेळी (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं नाही) या जाती इथल्या उन्हात, इथल्या चाऱ्यावर घडल्या. जातिवंत बैलाला प्रदर्शनात फेटा बांधायचा आणि त्याच्या चराईच्या रानात खड्डे मारायचे, असा आपला कारभार.

झाडांशी माझं वैर नाही. लातूर तर राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याच्या कडंला वड, चिंच, आंबा, करंज लावा की. मी स्वतः खड्डे खणायला येतो. पण २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४, २०१८ ला १३ आणि २०१९ ला ३३ कोटी असा राज्याच्या वृक्षलागवडीचा आकडा फुगत गेला, तेव्हा एवढे खड्डे मारायला मोकळी जागा कुठं सापडणार होती? गायरानात आणि माळावर. आता झाडांच्या जोडीला सौरऊर्जेच्या पाट्याही आल्यात. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण दरवेळी गायरानच का, एवढं एकदा कुणीतरी सांगावं.

आता थोडं अवघड. मराठवाड्यात गायरान म्हटलं की भूमिहीनांचा लढा आठवलाच पाहिजे. रिपब्लिकन नेते दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांसाठी १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह झाले, पुढं भूमिहीन कसत असलेलं गायरान त्यांच्या नावावर करायचा १९९१ चा शासन निर्णय आला, तरी कित्येक कुटुंबं अजून सातबाऱ्यावर नाव लागायची वाट बघतायत. माळ वाचवायच्या नावाखाली त्यांच्या दोन एकरांवर जेसीबी न्यायचा असेल तर मी त्यात नाही. गायरान खाल्लं ते कुणी, हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं. बहुतेक वेळा त्यांच्या दारात चारचाकी उभी असते.

गवत राखणं फार अवघडही नाही. माळाचे तीन तुकडे करायचे, आळीपाळीनं एकेक तुकडा पावसाळाभर बंद ठेवायचा, बी गळून पडलं की विळ्यानं कापून न्यायचं. वेडी बाभूळ मुळासकट काढायची. आणि हे ठरवताना मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांना आधी विचारायचं, कारण कोणतं गवत कधी चारावं हे त्यांना ग्रामपंचायतीपेक्षा जास्त कळतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समिती आणि गावातल्या झाडं-गवत-जनावरांची नोंदवही असायला हवी. आमचीही आहे, कपाटात. बघितली. गुलमोहर आहे, निलगिरी आहे. कुसळाचं नावसुद्धा नाही.

मी ग्रामसभेला अर्ज दिलाय : यंदा गायरानात खड्डे नकोत, मारवेलीचं बी टाकू. सरपंचांनी नीट वाचला. माणूस चांगला आहे, माझ्याच वर्गातला. म्हणाला, "पटतंय रे. पण फोटोत गवत दिसत नाही, आणि वर फोटो पाठवावा लागतो."

फोटोचं काय करायचं ते सुचत असेल तर सांगा. पुढची सभा दोन आठवड्यांनी आहे.